मायादींचा खेळाचा तास

बंगालमध्ये बेहाला नावाच्या भागातल्या आमच्या घरात डोळे उघडायच्या आधीच मोहरीच्या तेलाचा वास यायचा. खालच्या मजल्यावर घरमालकांचं स्वयंपाकघर होतं आणि त्यांची चूल आमच्या आधी पेटायची. आईला तो वास पहिल्या वर्षी मुळीच सोसला नाही. ती नाकाला पदर लावून चहा करायची. पुढच्या वर्षी मात्र ती स्वतःच वांग्याचे काप मोहरीच्या तेलात तळायला लागली, आणि बाबांनी भुवया उंचावल्या की म्हणायची, "इथल्या वांग्याला हेच तेल लागतं." बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. खिदिरपूरच्या गोदीत जहाजांवरून उतरणारा माल तपासायचं त्यांचं काम, आणि त्याच नोकरीने आम्हाला मुंबईहून तिथे नेऊन ठेवलं होतं. घरात मराठी, जिन्यावर हिंदी, रस्त्यावर बंगाली. त्यामुळे माझ्या मराठीची पार खिचडी झाली होती. तहान लागली की मी आईला "पाणी खाऊ का?" असं विचारायचे, कारण बंगालीत पाणी खातात. आई हसायची आणि मग मला "पाणी पिऊ का?" असं पुन्हा म्हणायला लावायची. आपली मुलगी हातची चालली आहे असं तिला वाटत असावं.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. दुपारी ट्रामची घंटा, तिन्हीसांजेला घराघरातून फुंकले जाणारे शंख, आणि वीज गेली की सगळ्या गल्लीतून एकदम उमटणारा "जाः" असा उसासा. मग कंदील लागायचे, आणि कंदिलाच्या उजेडात बाबा माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. मराठीत, तीसपर्यंत. पाढे मला घडाघडा यायचे, पण ते कशासाठी येतात हे काही कळायचं नाही. शाळेत गणिताचा तास असला की मी मागच्या बाकावर सरकायचे. आमचे आधीचे सर उदाहरण फळ्यावर लिहायचे, सोडवायचे, पुसायचे आणि आमच्याकडे वळून बघायचे. त्या बघण्याची मला इतकी भीती वाटायची की आकडे डोळ्यांसमोरून वाहून जायचे.

ते सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मायादी आल्या. तिथल्या मुलींच्या शाळांमध्ये बाईंना नावापुढे "दी" लावून हाक मारतात. शिडशिडीत अंगाच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून काड्यापेटी काढली, काड्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाल्या, "एका वेळी एक, दोन किंवा तीन काड्या उचलायच्या. एकदा तुम्ही, एकदा मी. शेवटची काडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. कोण येतंय?" वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी शिखा उठली आणि हरली. मग दुसरी हरली, तिसरी हरली. आम्ही टेबलाभोवती कधी गोळा झालो ते आम्हालाही कळलं नाही.

"ही जादू नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त शेवटापासून विचार करते. तुझ्यापुढे शेवटी एकच काडी राहायला हवी, तर त्याआधी किती राहायला हव्यात?"

एक, पाच, नऊ, तेरा. हे त्यांनी सांगितलं नाही. आम्ही भांडत, काड्या मोडत शोधून काढलं. त्या संध्याकाळी मी बाबांना त्या खेळात हरवलं, पुन्हा हरवलं, आणि बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. पुढे पुण्यात मी आयुष्यभर गणितच शिकवलं. कसं शिकवायचं ते मी त्याच तासात शिकले होते. बी.एड.ला फक्त त्याची नावं कळली.

त्या पिशवीत चिंचोके असायचे, कवड्या असायच्या, सुतळीचे तुकडे असायचे. चिंचोक्यांचे चौकोन मांडत आम्ही वर्गसंख्या शिकलो. जमिनीवर खडूने पट आखून वाघ-बकरी खेळलो. तिकडे त्याला बाघबंदी म्हणतात. पण आम्हाला सगळ्यात आवडायचा तो चिठ्ठ्यांचा खेळ. चौघींचा गट, चार चिठ्ठ्या: बाबू, पोलीस, डाकू आणि चोर. चिठ्ठ्या उडवायच्या, एकेक उचलायची. बाबू आणि पोलीस आपलं नाव सांगतात, आणि उरलेल्या दोघींतली चोर कोण ते पोलिसाने ओळखायचं. बंगालमधली सगळी मुलं दुपारी दारात बसून हा खेळ खेळतात. मायादींनी तो वर्गात आणला आणि प्रत्येक गटात चोर किती वेळा पकडला गेला ते फळ्यावर मांडलं. नुसत्या अंदाजाने निम्म्या वेळा पकडला जायला हवा. बहुतेक गटांत तसंच व्हायचं. आमच्या गटात मात्र मी चोर असले की दर वेळी पकडली जायचे.

"बोशुधाच्या तोंडावर सगळं छापून येतं," मायादी म्हणाल्या. माझं नाव वसुधा, पण तिकडे त्याचं बोशुधा व्हायचं. सगळ्या हसल्या. मग त्या माझ्या बाकाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चिठ्ठीचा विचारच करू नकोस. मनात दुसरं काहीतरी मोजत राहा. हिशोबात गुंतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही."

मी सतराचा पाढा धरला, कारण त्यातल्या त्यात तोच मला थोडा अवघड जायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. काही दिवसांत आमच्या गटाचा आकडाही निम्म्यावर आला. मायादींना केवढा आनंद झाला. "आता नुसता योगायोग उरला," असं म्हणून त्यांनी फळ्यावर पहिल्यांदा संभाव्यता हा शब्द लिहिला.

यातली बरीचशी कोडी त्यांचा धाकटा भाऊ तपन द्यायचा. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होता. "हे तपनने घातलंय, मलाही सुटलेलं नाही," असं त्या प्रांजळपणे सांगायच्या. मी त्याला एकदा पाहिलं होतं. मायादींचा चष्मा घरी राहिला होता तो द्यायला तो फाटकाशी आला होता. उंच, किंचित वाकलेला, आणि बहिणीसारखाच हसायच्या आधी डोळे मिटणारा. मग हळूहळू त्याचं नाव तासाला येईनासं झालं. कोडी येत राहिली, पण ती जुनीच, फिरवून घातलेली.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास ते शहर बदलत होतं. भिंतींवर क्रांतीच्या घोषणा काळ्या अक्षरांत उमटायच्या, कोणी चुना फासायचं, सकाळी पुन्हा अक्षरं. गल्लीतले कॉलेजात जाणारे मुलगे दिसेनासे होत आणि त्यांच्या आया त्यांचं नाव काढत नसत. ट्रामच्या थांब्यावर एक हवालदार उभा असायचा, आम्हा मुलींना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. त्याला एके सकाळी कोणीतरी ठार मारलं. नंतर दोनेक दिवस त्या जागेवर पोलिसांच्या गाड्याच उभ्या होत्या. त्या काळावर लिहिलेलं मी पुढे पुष्कळ वाचलं, कोण बरोबर आणि कोण चूक याची वादावादीही ऐकली. आम्हाला तेव्हा एवढंच माहीत होतं की बाबा अंधाराच्या आत घरी यायला हवेत, आणि ते येईपर्यंत आई गच्चीच्या कठड्याशी उभी राहायची, हात पिठाचे तसेच ठेवून.

आमचा वर्ग तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होता. मागे तळं. वर्गाला लागून एक छोटी खोली होती, तिच्यात नकाशे, मोडकी पेटी आणि कवायतीच्या काठ्या ठेवलेल्या असत. त्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधीचा तास गणिताचा होता आणि चिठ्ठ्यांचा खेळ चालू होता. मागच्या दारातून तपन आत आला. सदरा खांद्यावर फाटलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. तो काही बोलला नाही. मायादी फळ्याशी होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी नकाशांच्या खोलीचं दार उघडलं, तो आत गेला, त्यांनी दार ओढून घेतलं. आमचे हात चिठ्ठ्यांवरच थांबले.

"थांबलात का?" मायादी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण हातातला खडू मोडला होता. "चिठ्ठ्या टाका."

आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. आणि थोड्याच वेळात व्हरांड्यात बुटांचे आवाज आले. पुढे आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही बडदी म्हणायचो, आणि त्यांच्यामागे एक पोलीस अधिकारी आणि शिपाई. अधिकारी वयस्क होता, दमलेला होता. मुलींच्या वर्गात पाऊल टाकताना त्याने टोपी काढली होती. बडदी म्हणाल्या, "मी यांना सांगितलंय, माझ्या मुली घाबरतील." त्याने मायादींना विचारलं, "इकडून कोणी गेलं?" मायादींनी नकारार्थी मान हलवली. त्याने आमच्या बाकांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. त्याचं तोंड किंचित हसल्यासारखं झालं. त्याच्या घरीही हा खेळ खेळत असतील. मग त्याने वर्गावरून नजर फिरवली आणि शिखाला नाव विचारलं, तिच्या शेजारणीला विचारलं, आणि मग मला.

"वसुधा," मी म्हटलं. "वसुधा गोडबोले."

"बंगाली नाहीस." तो हिंदीत बोलू लागला. "वडील काय करतात?"

मी सांगितलं. तो माझ्या बाकाशी आला, थोडा वाकला. "म्हणजे तूही माझ्यासारखी सरकारच्या मीठभाकरीवर वाढलेली. मला खरं सांग बेटा. मागच्या दाराने कोणी आलं का?"

सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. मी त्याच्या सदऱ्याच्या बटणाकडे पाहत होते. सतरा पाचे पंच्याऐंशी. "नाही," मी म्हटलं. "आम्ही खेळत होतो. कोणी आलं नाही." सतरा सक एकशे दोन. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने नकाशांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, बडदींकडे पाहिलं, टोपी डोक्यावर चढवली आणि शिपायांना घेऊन तळ्याच्या बाजूला निघून गेला.

सुट्टीची घंटा झाली. मुली डबे घेऊन बाहेर गेल्या. आमच्या वर्गात एकमेकींशी न पटणाऱ्या पुष्कळ होत्या, पण त्यातल्या एकीनेही ती गोष्ट कधी बाहेर काढली नाही. मायादी माझ्यापाशी आल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "तुझा डबा आहे ना? त्याला देशील?" त्यांना स्वतःला आत जायचं धैर्य होत नसावं. गेल्या असत्या तर रडल्या असत्या, आणि रडणं दारापलीकडे ऐकू गेलं असतं.

तो गुंडाळलेल्या नकाशांखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मी डबा पुढे केला. त्याने थालीपीठ उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"हे काय?"

"थालीपीठ. माझ्या आईने केलंय."

त्याने एक घास घेतला आणि मग भराभर खाल्लं. त्याला ठसका लागला तेव्हा दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "तुझी आई मिरची फार घालते," तो म्हणाला. "पण सांग तिला, छान झालंय." मग त्याने विचारलं, "काड्यांच्या खेळात दीदी अजून जिंकते का?"

"आता नेहमी नाही."

"छान," तो म्हणाला, आणि डोळे मिटून हसला.

शाळा सुटली तेव्हा ती खोली रिकामी होती. माझा डबा मायादींच्या टेबलावर होता, धुऊन पालथा घातलेला. त्यानंतर तपनला कोणीही पाहिलं नाही. तो पकडला गेल्याची नोंद कुठल्या ठाण्यात सापडली नाही. तो सापडल्याचा, मेल्याचा, कुठे दिसल्याचा निरोप आला नाही. नुसतं काहीच आलं नाही.

मी घरी आईला सगळं सांगितलं. आई माझ्यापासून काही लपवायची नाही, म्हणून मलाही लपवता आलं नाही. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बाबा येईपर्यंत मला जवळून हलू दिलं नाही. बाबांनी ऐकलं, बूट काढले, कोपऱ्यात नीट ठेवले. "जे केलंस ते केलंस," ते म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं मला माहीत नाही. पण ही गोष्ट या घराबाहेर जायची नाही." त्या संध्याकाळी त्यांनी पाढे म्हणायला लावले नाहीत. पुढेही कधी लावले नाहीत.

मायादी बरेच दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा खांद्याला पिशवी नव्हती. त्यांनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून उदाहरणं घ्यायला सुरुवात केली. लिहायच्या, सोडवायच्या, पुसायच्या. एकदा शिखाने विचारलं, "दीदी, आज खेळ नाही?" त्यांनी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात चिंचोके परत आले, काड्याही आल्या. पण ज्या खेळात कोणाला तरी शोधायचं असतं तो त्यांनी पुन्हा वर्गात खेळू दिला नाही. माझ्या स्वतःच्या वर्गात मी सगळे खेळ घेतले, तोही घेतला. एखादी मुलगी चिठ्ठी हातात धरून अगदी निर्विकार बसली की मात्र मला तिच्याकडे बघवत नसे.

मग एक दिवस मायादींनी मला थांबवून विचारलं, "आमच्या घरी येशील? आईला तुझ्याकडून ऐकायचंय. मी सांगते ते तिला पुरत नाही." आई माझ्याबरोबर आली. ट्रामच्या रुळांपलीकडे, गल्लीत आत, दोन खोल्यांचं घर. मायादींची आई दारातच उभी होती. मी त्यांना माशीमा म्हणायचे, म्हणजे मावशी. त्या घराच्या दाराला दिवसा कधी कडी नसायची. खोलीत तपनच्या खाटेवर चादर ताणून घातलेली होती आणि दुपारचीच मच्छरदाणी बांधलेली होती. टेबलावर त्याचं उघडं पुस्तक होतं. धूळ पुसताना माशीमा ते त्याच पानावर परत ठेवायच्या.

"काय घातलं होतं त्याने?" माशीमांनी विचारलं. मी सांगितलं. "खाल्लं ना पोटभर?" खाल्लं, म्हटलं. "कुठे लागलं होतं का?" नाही. "पायात चप्पल होती?"

मी त्याच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं. पण त्या माझ्या तोंडाकडे अशा पाहत होत्या की मी म्हटलं, "होती." त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईने माझा हात घट्ट धरला, सोडला नाही.

नंतर आम्ही अधूनमधून जात राहिलो. आईने त्यांच्या चुलीवर थालीपीठ लावलं, मिरची निम्मी घालून. माशीमांनी एक तुकडा तोंडात घालून पुष्कळ वेळ चघळला, जणू त्यातून काही कळणार होतं. दर वेळी त्या मला तेच विचारायच्या, त्याच क्रमाने, आणि मी तेच सांगायचे. सदरा, थालीपीठ, हसणं, चप्पल. बोलता बोलता बाहेर कोणाची पावलं वाजली की त्यांचं वाक्य अर्धं राहायचं. मायादी उठून दारापर्यंत जायच्या, परत यायच्या आणि म्हणायच्या, "शेजारचे." हळूहळू माझं काय झालं ते सांगणं अवघड आहे. मला ती चप्पल दिसायला लागली. तपकिरी, अंगठ्याशी झिजलेली, एक पट्टा शिवलेला. आजही तो प्रसंग आठवला की ती दिसते. मी ती पाहिली नव्हती हे मला माहीत आहे, पण ते माहीत असण्याचा काही उपयोग होत नाही.

बाबांची बदली पुन्हा मुंबईला झाली तेव्हा मी शाळा संपवत आले होते. हावड्याला आम्हाला पोचवायला घरमालक आले होते, आणि गाडी सुटायला थोडा वेळ असताना गर्दीतून वाट काढत मायादी आल्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. त्यांनी ते खिडकीतून आईच्या मांडीवर ठेवलं.

"आईने दिलंय," त्या म्हणाल्या. "कोणीतरी तिला सांगितलं की तेव्हाची पुष्कळ मुलं मुंबईकडे गेली, नावं बदलून राहिली. तुम्ही तिकडे जाताय म्हटल्यावर..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो दिसला तर द्या, म्हणाली."

आईने कागद सोडला. आत गडद लाल रंगाचा हातांनी विणलेला स्वेटर होता, लांब बाह्यांचा. आईने तो खांद्यांशी धरून उलगडला. नकाशांखाली बसलेल्या त्या मुलापेक्षा तो बराच रुंद होता.

"दरवर्षी आई तो उसवते आणि थोडा मोठा विणते," मायादी म्हणाल्या. "तो आता भरला असेल, म्हणते."

मुंबईत थंडी पडत नाही, हे आई बोलली नाही. तिने स्वेटर घडी करून ट्रंकेत अगदी वर ठेवला आणि म्हणाली, "दिसला की देऊ." गाडी हलली. मायादी थोडं अंतर बरोबर चालल्या, मग थांबल्या. त्यांनी हात वर केला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

माशीमा वारल्याचं पुढे कळलं. मग मायादींची खबरही येईनाशी झाली. तो स्वेटर आई होती तोवर तिच्याकडे होता, आता माझ्याकडे आहे. दिवाळीच्या आधी कपड्यांना ऊन देते तेव्हा त्यालाही देते. माझ्या सुनेने एकदा विचारलं होतं, हा कोणाचा. मी म्हटलं, द्यायचा आहे एकाला. आणि बाजारात, बसच्या थांब्यावर, बँकेच्या रांगेत एखादा उंच, किंचित वाकलेला मुलगा दिसला की माझी पावलं अजूनही मंदावतात. तो हसायच्या आधी डोळे मिटतो का, ते पाहायचं असतं. मग लक्षात येतं की तपनची सत्तरी कधीच उलटून गेली असेल. बघायचं तर मला म्हाताऱ्यांकडे बघायला हवं. पण मान वळते ती मुलांकडेच.